सरहद्दीपलीकडील समन्स : जव्हार संस्थान, मोखाडा आणि परकीय मुलखातील न्यायप्रक्रिया

प्रास्ताविक :

परदेशात समन्स बजावणे व तेथील साक्षीपुरावा मिळविणे हा आज आंतरराष्ट्रीय कायद्याचा विषय मानला जातो. तथापि सध्याच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या शेजारी तालुक्यांमध्ये १९४८ पूर्वी हाच प्रश्न उभा होता. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल, तर १९०१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४७,५३८ होती. मोखाडा हा ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजेच खालसा मुलूख होता. डोंगर आणि जंगल सलग असले तरी कायद्याने ही दोन भिन्न अधिकारक्षेत्रे होती.

बजावणी व पुराव्याची पद्धती :

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या दृष्टीने संस्थानी न्यायालय हे परकीय न्यायालय होते. त्यामुळे खालशातील बेलिफाचा अधिकार संस्थानाच्या सीमेवर संपत असे. प्रतिवादी सीमेपलीकडे राहत असून त्याचा मुखत्यार खालशात नसल्यास आदेश ५, नियम २५ नुसार समन्स टपालाने पाठविता येई. नियम २६ नुसार ते अधिकारप्राप्त पोलिटिकल एजंटाकडे किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या तेथील न्यायालयाकडे पाठविण्याची तरतूद होती. बजावणी झाल्याचा त्यांचा सहीनिशी शेरा पुरावा म्हणून ग्राह्य धरला जाई. पलीकडील साक्षीदाराच्या तपासणीसाठी कलम ७७ अन्वये विनंतीपत्र देता येई.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ठाण्याचा कलेक्टर हाच जव्हारचा पोलिटिकल एजंट असे. मोखाड्याचा कारभार पाहणारा अधिकारीच जव्हारच्या बाबतीत दोन राज्यसत्तांमधील दुवा ठरे. अंतर अल्प होते. औपचारिकता मात्र परराष्ट्राची होती.

या औपचारिकतेमागील तत्त्व १८९४ च्या गुरदयाल सिंग विरुद्ध फरीदकोटचा राजा या खटल्यात स्पष्ट झाले. संस्थान सोडून गेलेल्या व तेथील न्यायालयापुढे हजर न झालेल्या माजी खजिनदाराविरुद्ध फरीदकोटने एकतर्फी हुकूमनामे दिले होते. त्यांच्या आधारे लाहोर येथे दावे लावण्यात आले. ज्या प्रतिवादीवर न्यायालयाचा अधिकार चालत नाही, त्याच्याविरुद्धचा असा हुकूमनामा अन्यत्र निरर्थक होय, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरविले. अर्थात, नोटीस पोहोचली म्हणजे अधिकारक्षेत्रही प्राप्त झाले, असे होत नाही.

विलीनीकरणानंतर :

१९४८ मध्ये जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ही सरहद्द संपुष्टात आली. मूळ प्रश्न मात्र देशाच्या सीमेवर कायम राहिला. समन्स बजावणीविषयीचा १९६५ चा हेग करार भारतासाठी १ ऑगस्ट २००७ पासून, तर पुराव्याविषयीचा १९७० चा करार त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमलात आला. पहिल्या करारातील थेट टपाली बजावणीस भारताने आक्षेप नोंदविला असून परदेशी कागदपत्रे केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयामार्फत स्वीकारली जातात. पोलिटिकल एजंटाच्या जागी मध्यवर्ती प्राधिकरण आले, एवढाच बाह्य फरक दिसतो.

निष्कर्ष :

कायद्यातील परकीयत्व अंतरावरून नव्हे, तर सत्तेच्या मर्यादेवरून ठरते, हे जव्हार-मोखाड्याच्या इतिहासावरून दिसून येते. ही प्रक्रिया विलंबाची असली तरी तिच्याकडे केवळ अडथळा म्हणून पाहणे योग्य नाही. दुसऱ्या सत्तेचा मान राखणे आणि दूरस्थ व्यक्तीस आपले म्हणणे मांडण्याची संधी देणे, ही दोन्ही उद्दिष्टे तिच्यात सामावलेली आहेत. यांपैकी दुसऱ्या उद्दिष्टाचा विसर पडल्यास बजावणीचा शेरा हा केवळ कागदोपत्री उपचार ठरतो.