ठासणीची बंदूक आणि कायद्यातली परंपरा

विषय वाचून काहींना वाटलं असेल, आम्ही तत्त्वज्ञान सोडून शिकारीकडे कधी वळलो? वळलेलो नाही. ‘परंपरा’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. तो कायद्यात घालायची वेळ आली की काय होतं, ते पाहण्यासाठी हे उदाहरण घेतलं आहे.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नाताळ संपला की, २६ डिसेंबरपासून, हरणांच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम सुरू होतो. तो १९७४ साली सुरू झाला. या हंगामात बंदूक ठासणीची तर हवीच, शिवाय चकमकीची हवी, म्हणजे फ्लिंटलॉक. एकनळी लांब बंदूक, नळीचं तोंड किमान ०.४४ इंच, आणि वर दुर्बीण नको. आता दुकानात गेलेल्या माणसाची अडचण बघा. समोर ठासणीच्या बंदुकांची रांग आहे, पण त्यातल्या बऱ्याचशा त्याच्या उपयोगाच्या नाहीत. असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

अठराव्या शतकात याच राज्यातल्या लँकेस्टर भागात जर्मन कारागीर येऊन राहिले. त्यांच्याकडची बंदूक आखूड आणि जाड होती. इथे तिची नळी लांबली आणि तोंड बारीक झालं. नळीत आतून पिळाचे आटे, शिशाची गोल गोळी कापडाच्या तुकड्यात धरून गजाने ठासायची. चाप ओढला की गार पोलादावर आपटते, ठिणग्या रंजकेवर पडतात, आणि तिथली आग कानातून नळीतल्या दारूपर्यंत जाते. या सगळ्याला क्षणभर वेळ लागतो. तेवढ्यात नेम हलू शकतो, आणि जनावरही.

बेलहेल्वी या गावच्या अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याला हाच क्षण छळत होता. रंजकेचा भडका पाहून पक्षी गोळी पोचायच्या आत उडायचे! १८०७ साली त्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याची कॅप आली आणि रंजक गेली.

आपल्या १८५७ च्या काडतुसांची एनफिल्ड याच कॅपच्या जातीची. काडतूस दातांनी का तोडायचं? कारण दारू तोंडाकडून ओतायची होती. ती ठासणीचीच बंदूक होती. आता गंमत बघा. तीच खरीखुरी जुनी एनफिल्ड घेऊन कुणी २६ डिसेंबरला पेनसिल्व्हेनियाच्या रानात गेला, तर ते बेकायदा. गेल्या वर्षी कारखान्यात तयार झालेली चकमकीची नक्कल मात्र चालते. म्हणजे कायदा वस्तूचं वय मोजत नाही, आग कशी लागते ते पाहतो.

खरा पेच आला १९८५ मध्ये. मिसुरीतल्या टोनी नाइट यांनी एमके-८५ ही रायफल बाजारात आणली. दारू आणि गोळी तोंडाकडूनच भरायची, पण कॅप नळीच्या थेट मागे, एका रेषेत, म्हणून ‘इन-लाइन’. वर दुर्बीण, आत प्लास्टिकच्या वेष्टणातली लांबट गोळी. शब्दशः पाहिलं तर ठासणीची. हातात घेतली तर आधुनिक रायफल. अवघड हत्यार आहे म्हणून वेगळे दिवस दिले होते, आणि आता अवघडपणच गेलं.

राज्यांनी वेगवेगळी उत्तरं काढली. पेनसिल्व्हेनियाने नाताळनंतरचा हंगाम चकमकीसाठीच राखला आणि इन-लाइनला ऑक्टोबरात वेगळी जागा दिली. आयडाहोत ठासणीच्या खास हंगामात दारू सुटी हवी, प्लास्टिकचं वेष्टण नको. कोलोरॅडो इन-लाइन चालवून घेतं, पण दुर्बीण आणि दारूच्या गोळ्या नाकारतं.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. चकमक दगा देते, जनावर जखमी होऊन पळतं, मग परंपरेसाठी त्याने हाल का सोसायचे? आम्हाला हा आक्षेप उडवून लावता येत नाही. पण त्याचं उत्तर बंदुकीपेक्षा अंतरात आहे असं आम्हाला वाटतं. जवळ जा, नाहीतर चाप ओढू नका. हा संयम कायद्यात लिहिता येत नाही, सुटे भाग लिहिता येतात. म्हणून कायदा सुटे भाग लिहितो. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर शिकारीचा हंगाम हा प्रश्नच उरलेला नाही, कोकणात ठासणीची बंदूक आता बहुधा पोलिसांच्या बातमीतच भेटते.)

तर दुकानातल्या त्या माणसाने काय घ्यावं? आधी आपल्या राज्याचं त्या वर्षीचं नियमपुस्तक. मग ०.५० इंची चकमकीची बंदूक. आट्यांचा पीळ विचारावा: ६० ते ६६ इंचांत एक फेरा असेल तर कापडातली गोल गोळी नीट जाते, २८ इंचांचा पीळ लांबट गोळीसाठी, ४८ चा दोन्हींच्या मधला. आणि दारू खरी काळीच घ्यावी. तिच्या जागी विकल्या जाणाऱ्या नव्या पर्यायी दारूला पेट घ्यायला जास्त उष्णता लागते. रंजकेच्या आगीने ती भरवशाने पेटत नाही.