पावसाळ्यानंतर पुन्हा धावताना : पट्टा आणि रस्ता यांचा मेळ

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. मालवण किनारपट्टीवर धावण्याचा सराव करणाऱ्यांचा नेम याच काळात मोडतो. पाऊस ओसरताच जुन्या वेगाने धावण्याचा मोह होतो आणि दुखापतीही तेव्हाच उद्भवतात.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. काही आठवड्यांच्या खंडाने हृदय व फुप्फुसांची क्षमता घटते, तशी ती पुन्हा सराव सुरू केल्यावर लवकर सुधारतेही. घोट्यामागचे स्नायुबंध व नडगीचे हाड मात्र सावकाश बळकट होतात. दम टिकतो म्हणून अंतर वाढविले जाते आणि पाय त्या भाराला तयार नसतात.

ही दरी भरून काढण्यास ट्रेडमिलचा उपयोग होतो. पट्टा सपाट व किंचित लवचिक असतो, वेग नेमका ठरविता येतो आणि थकवा आल्यास तत्काळ थांबता येते. नॉर्वेची इन्ग्रिड क्रिस्टियान्सेन हिमवर्षावाच्या दिवसांत ट्रेडमिलवर सराव करीत असे. १९८५ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास २१ मिनिटे ६ सेकंदांत जिंकून तिने महिलांचा जागतिक विक्रम केला. तेथे जे बर्फाचे, तेच कोकणात पावसाचे.

तथापि, पट्टा म्हणजे रस्ता नव्हे. पट्ट्यावर वाऱ्याचा अडथळा नसतो. तो भरून काढण्यासाठी एक टक्का चढ ठेवावा, असे १९९६ मध्ये जोन्स व डाउस्ट यांच्या संशोधनातून पुढे आले. परंतु ताशी दहा किलोमीटरहून कमी वेगाने धावणाऱ्यांच्या बाबतीत हा फरक नगण्य असतो. खरी उणीव उताराची आहे. बहुतेक यंत्रांवर उतार मिळत नाही. त्यामुळे मालवणहून कुंभारमाठकडे चढून परत उतरताना मांड्यांच्या पुढील स्नायूंवर जो ताण येतो, त्याची सवय पट्ट्यावर होत नाही. म्हणून आरंभी तारकर्ली-देवबागचा सखल रस्ता बरा.

पुळणीवर धावताना भरती-ओहोटीचे भान हवे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येथे पहाटे ओहोटी असते व ओली, घट्ट वाळू मोकळी होते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने आठवड्याभराने त्याच वेळी पाणी वर असते. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पोटऱ्यांवर अधिक भार पडतो, तर ओल्या वाळूच्या उतरणीवर एकाच दिशेने धावल्यास एका पायावर. जाता-येता समान अंतर राखावे.

आठ आठवड्यांचा क्रम

पहिले दोन आठवडे : आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, पट्ट्यावर २० ते ३० मिनिटे. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे.

तिसरा व चौथा : दोन दिवस पट्टा, एक दिवस सपाट रस्ता. धावणे व चालणे समान.

पाचवा व सहावा : एक दिवस पट्टा, दोन दिवस रस्ता. चालणे क्रमाने कमी करावे.

सातवा व आठवा : रस्त्यावर सलग ३० मिनिटे. सौम्य चढ-उतार आता घ्यावेत. पट्टा वेगाच्या सरावासाठी राखावा.

धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले, तर वेग योग्य समजावा. पावसानंतरही हवा दमट असल्याने घाम सुकत नाही व शरीर तापते. त्यामुळे सूर्योदयाच्या आसपास धावावे, पट्ट्यासमोर पंखा असावा. नडगीत एका ठिकाणी टोचणारी वेदना राहिल्यास विश्रांती घ्यावी. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी व चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखल्यास वा भोवळ आल्यास त्याच क्षणी थांबावे.

पुढच्या जूनमध्ये रस्ते पुन्हा भिजतील. त्या चार महिन्यांत आठवड्यातून दोन दिवस जरी पट्ट्यावर पाय चालते राहिले, तरी ऑक्टोबरात सारे पहिल्यापासून मांडावे लागत नाही.