थोरल्याच्या घरी धाकटे पिल्लू

घरात एक कुत्रा असताना दुसरे पिल्लू आणावे, असे वाटण्यामागे बहुधा एक न बोललेले कारण असते. घरचा कुत्रा आता नऊ-दहा वर्षांचा झालेला असतो. तोंडाभोवतीचे केस पांढरे होऊ लागतात, जिना चढताना तो मध्येच थांबतो. 'त्याला सोबत होईल' असे घरातली माणसे एकमेकांना सांगतात; पण मनाच्या तळाशी त्याच्या माघारी घर एकदम रिकामे होईल, ही धास्ती असते. या भावनेत गैर काही नाही. मात्र निर्णय आपला असतो आणि त्याची झळ मुख्यत: त्या थोरल्याला सोसावी लागते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आठ-दहा आठवड्यांचे पिल्लू कोणत्याही मायेच्या घरात चार दिवसांत रुळते. थोरल्याचे तसे नसते. त्याची झोपण्याची जागा, जेवणाची वेळ, संध्याकाळचा फेरफटका हे सारे वर्षानुवर्षे ठरून गेलेले असते आणि त्या घडीतच त्याची सुरक्षितता असते. म्हणूनच नव्या पिल्लाच्या स्वागताची खरी तयारी पिल्लासाठी नव्हे, तर थोरल्यासाठी करायची असते.

आणावे की आणू नये?

प्रथम थोरल्याचा स्वभाव पाहावा. रस्त्यात इतर कुत्री भेटल्यावर तो काय करतो? वास घेऊन पुढे जात असेल, तर हरकत नाही. दुसरा कुत्रा दिसताच तो पट्टा ओढून अंगावर जात असेल किंवा भीतीने मागे सरकत असेल, तर घरात पिल्लू आल्याने तो सुधारेल, ही आशा बाळगू नये.

दुसरा प्रश्न प्रकृतीचा. लॅब्रॉडोर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींत सात-आठ वर्षांतच वार्धक्य जाणवू लागते. पॉमेरेनियनसारखी लहान कुत्री दहा वर्षांपर्यंतही तरतरीत असतात. उठताना वेळ लागणे, गाडीत उडी मारायचे टाळणे, पाठीवरून हात फिरवताच दचकणे, या गोष्टी आपण 'वय झाले' म्हणून सोडून देतो. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा सांधेदुखी असते. दुखऱ्या कमरेवर पिल्लाने उडी मारली, तर अत्यंत शांत कुत्राही दात दाखवतो. मोतीबिंदूने नजर अधू झालेला किंवा ऐकू न येणारा कुत्रा पिल्लू अचानक अंगाशी आल्याने बिथरतो. त्यामुळे पिल्लू आणण्यापूर्वी थोरल्याची पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. दुखण्यावर उपचार आहेत. मात्र माणसांची वेदनाशामके त्याला स्वत:हून देऊ नयेत. आयबुप्रोफेनसारखे औषध कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना घातक ठरते. थोरला गंभीर आजारी असेल, तर थांबणे हाच योग्य निर्णय होय. त्याचे उरलेले दिवस निवांत जावेत, हे आपल्या एकटेपणाच्या भीतीपेक्षा महत्त्वाचे आहे.

तिसरा प्रश्न निवडीचा. नर आणि मादी अशी जोडी सहसा अधिक चांगली जमते. एकाच घरातल्या दोन माद्यांत वैर जडले, तर ते मिटणे फार अवघड असते. एकाच विणीतली दोन पिल्ले एकदम आणू नयेत; ती एकमेकांत रमतात आणि थोरला एकाकी पडतो.

काळवेळही पाहावी. मुलांना सुटी आहे म्हणून मे महिन्यात पिल्लू आणले जाते. जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि दिवसभर थोरल्यावरच पिल्लाची जबाबदारी पडते. गणपती-दिवाळीचे दिवसही टाळावेत. ढोल-फटाक्यांच्या आवाजाने आधीच घाबरलेल्या थोरल्यावर नवा ताण नको.

पिल्लाचे वय आणि लसीकरण

पिल्लू आठ आठवड्यांपूर्वी आईपासून वेगळे करू नये. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसारही आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे. यामागे दुधापलीकडचे कारण आहे. खेळताना जोरात चावले, की भावंड ओरडते आणि खेळ थांबतो, आई फटकारते. चाव्याला आवर घालण्याचा हा पहिला धडा असतो. महिनाभराच्या पिल्लाला तो मिळालेलाच नसतो आणि मग थोरल्याच्या कानांवर त्याचे सुईसारखे दात रुततात.

दुसरीकडे फार उशीरही बरा नव्हे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे केलेले पिल्लांच्या वर्तनाचे दीर्घ संशोधन १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान पिल्लू ज्या प्राण्यांच्या आणि माणसांच्या सहवासात येते, त्यांना ते सहज आपले मानते, असे त्यातून दिसले. आठ ते दहा आठवड्यांचे वय म्हणूनच सोयीचे.

पार्व्हो, डिस्टेंपर आदी रोगांवरील लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत दिल्या जातात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात. मधल्या काळात आईकडून मिळालेले संरक्षण ओसरत असते आणि लसीचे पुरते तयार झालेले नसते. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. पिल्लू जेथून आणायचे तेथे कोणी आजारी नाही ना, याची चौकशी करावी. थोरल्याच्याही सर्व लसी आधी पूर्ण कराव्यात. पिल्लाच्या पोटातील जंत आणि अंगावरच्या गोचिडी-पिसवा थोरल्याकडे सहज जातात. तेव्हा दोघांनाही पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध द्यावे.

आधी वास, मग भेट

कुत्र्याचे जग डोळ्यांपेक्षा नाकाने बनलेले असते. पिल्लू घरी येण्याच्या तीन-चार दिवस आधी त्याच्या अंगावरून फिरवलेले फडके आणून थोरल्याच्या वावरण्याच्या जागेत ठेवावे. त्याच्या बिछान्यावर मात्र नको. थोरल्याच्या चादरीचा तुकडा पिल्लाकडे पाठवावा. घरात जे बदल करायचे, तेही आधीच करावेत. पिल्लासाठी वेगळा कोपरा, दारात अर्ध्या उंचीचे फाटक किंवा जाळीचा दरवाजा, अशी व्यवस्था आठवडाभर आधी झाली, तर थोरला तिचा संबंध पिल्लाशी जोडत नाही.

पहिली भेट शक्यतो थोरल्याच्या हद्दीबाहेर व्हावी. सोसायटीचे आवार आपल्याला मोकळे वाटते. थोरल्याच्या लेखी ते त्याचेच असते. दुसरीकडे, लसीकरण अपुरे असलेल्या पिल्लाला भटकी कुत्री वावरतात अशा जमिनीवर सोडता येत नाही. स्नेह्यांच्या घराची स्वच्छ गच्ची किंवा ओसरी हा त्यावरचा चांगला तोडगा. भेटीपूर्वी थोरल्याला लांब फिरवून आणावे. तो पट्ट्याला असावा, पण पट्टा सैल. ताणलेला पट्टा आपली धास्ती त्याच्यापर्यंत पोहोचवतो. पिल्लाला कडेवर घेऊन त्याच्या नाकासमोर धरू नये. तशा स्थितीत पिल्लाला मागे सरता येत नाही आणि थोरला उडी मारण्याची शक्यता असते.

दोन-तीन मिनिटे वास घेऊ द्यावा, मग थोरल्याला हाक मारून दूर न्यावे, शाबासकी द्यावी, पुन्हा भेटवावे. दहा मिनिटे पुरेत. घरी परतताना थोरल्याने आधी आत जावे, पिल्लू मागून यावे. बाहेर भेटण्याची सोय नसेल, तर थोरला फिरायला गेला असताना पिल्लाला त्याच्या कोपऱ्यात आणून ठेवावे आणि पहिली ओळख फाटकाच्या आडून होऊ द्यावी.

गुरगुरणे म्हणजे भांडण नव्हे

या टप्प्यावर घरोघरी एकच चूक होते. पिल्लू थोरल्याच्या शेपटीला लोंबकळते, थोरला गुरगुरतो आणि घरची माणसे ओरडतात ती थोरल्यावर. वास्तविक गुरगुरणे ही सूचना आहे. 'पुरे आता' हे सांगण्यासाठी त्याच्याजवळ दुसरी भाषा नाही. गुरगुरल्याबद्दल मार बसू लागला, की तो सूचना देणेच सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. अशा वेळी उचलायचे ते पिल्लाला.

गुरगुरण्याच्याही आधीच्या खुणा ओळखता आल्या, तर उत्तम. तोंड फिरवणे, ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, उठून दुसरीकडे जाणे ही अस्वस्थतेची लक्षणे होत. नॉर्वेतील श्वानप्रशिक्षक तुरिड रुगास यांनी अशा खुणांकडे विशेष लक्ष वेधले. अंग ताठ होणे, नजर एका जागी खिळणे, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणे, या खुणा दिसताच दोघांना शांतपणे वेगळे करावे. याउलट पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंचावणे हे खेळाचे आमंत्रण असते.

एखाद्या वेळी थोरला पिल्लाला दटावतो, क्षणभर खालीही दाबतो. पिल्लू कळवळून बाजूला झाले आणि थोरलाही थांबला, तर काळजी नसावी. पिल्लू दूर झाल्यावरही तो पाठलाग करत असेल, धरून झटकत असेल किंवा जखम करत असेल, तर मात्र ते शिकवणे नव्हे. पहिले काही आठवडे तरी दोघांना घरात एकटे सोडून जाऊ नये.

दोन ताटल्या, दोन बिछाने

भांडणे होतात ती प्रामुख्याने अन्न, जागा आणि आपला सहवास यांवरून. तेव्हा या तिन्हींची वाटणी आपणच करून द्यावी. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत द्यावे. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खावे लागते. थोरल्याला दोनदा पुरते. पिल्लाचे पौष्टिक खाणे थोरल्याने फस्त केले, तर वजन वाढते आणि सांध्यांवर भार येतो. थोरल्याच्या खाण्यावर पिल्लाची वाढ नीट होत नाही. हाडे व चघळायच्या वस्तू जमिनीवर पडू देऊ नयेत.

थोरल्याचा जुना बिछाना कदापि पिल्लाला देऊ नये. पिल्लू पोहोचणार नाही, अशी एक जागा थोरल्याला असलीच पाहिजे. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते. त्याच्या झोपेच्या वेळा ठरवून दिल्या, की तेवढा निवांतपणा थोरल्यालाही लाभतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोज किमान अर्धा तास फक्त त्याचा असावा. संध्याकाळचा फेरफटका पूर्वीसारखाच, त्याच वेळी, पिल्लाविना व्हावा. 'पिल्लू आले आणि मला विसरले' असे त्याला वाटू न देण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

म्होरक्याचा गैरसमज

कुत्र्यांत एक म्होरक्या असतो, त्याला आधी जेवण द्यावे, मालकाने स्वत: त्या सर्वांचा म्होरक्या व्हावे, असा सल्ला आजही दिला जातो. त्याचे मूळ रुडोल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बंदिवासातील लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील पुस्तकाने ही कल्पना रूढ झाली. पण मोकळ्या रानातल्या कळपांचा अभ्यास केल्यावर मेक यांनीच १९९९ मध्ये ती दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते; तेथे सत्तेसाठी सततची झुंज नसते. कुत्र्याला उताणे पाडणे, मानगूट धरणे यांसारख्या उपायांनी भीती आणि आक्रमकता वाढते, असा इशारा अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्ये दिला. आपल्या घरात हवा तो म्होरक्या नव्हे, तर न बदलणारा नित्यक्रम.

पहिले वर्ष

काही घरांत पंधरा दिवसांत दोघे एकमेकांना टेकून झोपतात. काही घरांत दोन-तीन महिने जातात. पिल्लू सहा महिन्यांचे झाले, की पुन्हा एक अवघड काळ येतो. लहानपणी मिळणारी सूट थोरला काढून घेतो आणि वयात आलेले पिल्लू त्याला जुमानत नाही. नसबंदी केव्हा करावी, याबाबत पशुवैद्याशी याच सुमारास बोलावे. थोरल्याने जेवण सोडणे, कोपऱ्यात लपून राहणे, घरात लघवी करू लागणे, ही लक्षणे दिसल्यास 'रुसला आहे' असे म्हणून थांबू नये. त्यामागे आजार असू शकतो.

दोघांत मैत्री झालीच पाहिजे, असा आग्रह मात्र नसावा. एकमेकांना न दुखावता एका छपराखाली राहणे, हेही पुष्कळ आहे. थोरल्याकडून पिल्लू नकळत खूप काही घेत असते. अमली पदार्थ हुडकणाऱ्या कुत्रीचे काम पाहत वाढलेली पिल्ले पुढे ते काम इतरांपेक्षा लवकर शिकली, असे दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. घरातही तसेच घडते. दाराची घंटा वाजल्यावर काय करायचे, लघवीसाठी कोठे जायचे, घरातल्या आजीच्या पायांत घोटाळायचे नाही, हे पिल्लू थोरल्याला पाहून उचलते. शांत थोरल्याकडून शांतपणा आणि बिथरलेल्याकडून बिथरणे. थोरल्याचे सुख जपणे ही म्हणूनच केवळ कृतज्ञता नव्हे; धाकट्याच्या शिक्षणाचीही तीच सुरुवात आहे.