भाताच्या कोठारातली पेज

रायगड जिल्ह्याला भाताचं कोठार म्हणतात. शाळेत हा एका गुणाचा प्रश्न असतो आणि मुलं तो कधी चुकवत नाहीत. पण या कोठारातला किती भात पिकवणाऱ्याच्या ताटात पडला, हा प्रश्न कुठल्याच पेपरात येत नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवते, इतिहास माझा विषय नाही. तरी आमच्या किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरांकडे पाहिलं की वाटतं, या प्रश्नाचं उत्तर तिथल्या भांड्यांतच आहे.

पेजेपासून सुरुवात करू. मूठभर तांदूळ, भरपूर पाणी आणि मीठ. जेवढ्या तांदळाचा भात चार माणसांना पुरतो, तेवढ्याच तांदळाची पेज आठ जणांना पुरते. गरिबी आली की सर्वात आधी पाणी वाढतं. कालवणाचंही तेच. आधी मासळीचे तुकडे कमी होतात, मग वाटणातला नारळ जातो, मग कांदा. शेवटी उरतं तिखट, मीठ आणि आमसूल. पदार्थाचं नाव तेच राहतं, म्हणून बाहेरच्या माणसाला काही कळत नाही. "आज काय जेवलात?" असं विचारलं तर उत्तर येतं, "कालवण-भात." ते खोटंही नसतं.

आमच्याकडे वर्षाचे चार महिने ठरलेलेच टंचाईचे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, समुद्र बंद. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत आगोटची तयारी चालते : सुके बोंबील, जवळा, सोडे, आंबोशी, आमसुलं, मिरच्या, लाकूडफाटा. आगोट भरली म्हणजे घर पावसाला तयार. पण आगोट भरायला मे महिन्यात हातात पैसा लागतो. ज्याच्याकडे नसे तो आषाढात उसनं धान्य आणी आणि पीक आल्यावर दिढीने फेडी, म्हणजे एक मण घेतलं तर दीड मण परत. नवं भात घरात येतानाच त्यातला वाटा दुसऱ्याचा असे. मग पिकवणाऱ्याच्या घरी उरे नाचणी, वरी, कुळथाची पिठी आणि पावसाळ्यातल्या रानभाज्या : टाकळा, कुर्डू, भारंगी.

हे फक्त निसर्गामुळे घडत नव्हतं. जमीन खोताची आणि कसणारा कूळ. कूळ ज्या कागदावर अंगठा उठवी, त्याचं नाव कबुलायत. आमच्या उर्दूच्या वर्गात 'क़बूल' हा शब्द निकाहाच्या संदर्भात येतो, तेव्हा मुलं हसतात. इथल्या शेतकऱ्याने मात्र हाच शब्द आपलं अर्धं पीक देऊन शिकला. आणि हेही सांगायला हवं की खोत एकाच जातीचे किंवा एकाच धर्माचे नव्हते. कोकणात मुसलमान खोतही होते आणि मुसलमान कुळंही होती. आपल्या समाजाच्या इतिहासात आपण खोतांचे वाडे आठवतो, कुळांची पेज विसरतो.

या व्यवस्थेविरुद्धचा सर्वात मोठा लढा याच किनाऱ्यावर झाला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी सभा भरली आणि खोतांची जमीन कसायची नाही असं ठरलं. नेते होते नारायण नागू पाटील. पंचवीस गावं संपात उतरली आणि संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं चालला. गिरणी कामगाराचा संप म्हणजे पगार बंद. शेतकऱ्याचा संप म्हणजे स्वतःची चूल बंद. खारेपाटातली शेती एका पिकाची, तेच पेरायचं नाही म्हटल्यावर घरात येणार काय? लोकांनी जंगलात जाऊन लाकूडफाटा तोडला आणि तो विकून दिवस काढले. पोटाला चिमटा हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. या गावांनी तो सलग सहा पावसाळे घेतला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. खोती कायद्याने संपायला मात्र १९४९ साल उजाडावं लागलं. या सगळ्या तारखा पुस्तकांत मिळतात. सहा वर्षं त्या घरांतल्या बायकांनी रोज चुलीवर काय ठेवलं, ते मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

कुळांना संरक्षण मिळालं, पण पाठोपाठ महायुद्ध आलं. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या ताब्यात गेलं आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबईत २ मे १९४३ पासून रेशनिंग सुरू झालं. आमच्या किनाऱ्यावरची असंख्य घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालत. कुणाचा मुलगा गोदीत, कुणाचा नवरा बोटीवर खलाशी. मुंबईत धान्य महागलं की मनीऑर्डर आकसायची आणि त्याच महिन्यात मुरूड-श्रीवर्धनच्या चुलीवर पाणी वाढायचं.

त्यानंतरची टंचाई अजून लोकांच्या जिभेवर आहे. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस फसला आणि देशाने अमेरिकेतून जहाजं भरभरून धान्य आणलं. १९६६ या एका वर्षात देशाची एकूण धान्य आयात सुमारे एक कोटी टन होती. त्यातून रेशनच्या दुकानात गहू आला आणि लाल मिलोही आला. मी वर्गातल्या मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून 'आता न खाल्ला जाणारा पदार्थ' विचारून यायला सांगितलं होतं. बऱ्याच वह्यांत एकच शब्द होता : मिलो. एका मुलीच्या दादीने सांगितलं होतं, "तो गिळावा लागायचा."

यामागे नुसती चव नव्हती, हातांची सवय होती. आमच्या बायकांचे हात तांदळाच्या भाकरीला सरावलेले. उकळत्या पाण्यात पीठ घालायचं, उकड मळायची, ओल्या हाताने भाकरी थापायची. मिलोचं पीठ या हातांना दाद देईना. माझी नानी त्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळून भाकरी जुळवून आणायची. चांगली झालेली भाकरी पुरुषांना आणि मुलांना, मोडलेली तिला. गव्हाची चपातीही आमच्या घरात रोजची झाली ती याच रेशनमुळे. आज डब्यात चपाती नसेल तर मुलं तक्रार करतात. दोन पिढ्यांपूर्वी ती नाइलाजाने शिकलेली गोष्ट होती.

सत्तरच्या दशकात खाडी देशांत तेलाचा पैसा वाढला. कुवेत, दुबई, सौदीला माणसं गेली. ज्या क्रमाने जिन्नस भांड्यातून गेले होते, त्याच्या उलट क्रमाने ते परत आले : कांदा, नारळ, मासळीचे मोठे तुकडे. मग मटण आणि बिर्याणी. दावतीत ताट उतू जाईस्तोवर वाढण्याची आमची सवय काहींना दिखाऊ वाटते. मला त्यात जुन्या फाक्यांची भीती दिसते.

ती भीती २०२० मध्ये पुन्हा खरी झाली. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि मुंबईतली, परदेशातली कामं थांबली. आगोट भरायच्या दिवसांत हातात पैसा नव्हता. २५ मे रोजी ईद झाली, मासेमारी बंद झाली आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने किनारा झोडपला. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. पत्रे उडालेल्या घरांत साठवलेली सुकी मासळी भिजून गेली. पडलेल्या झाडांचे नारळ मात्र ढिगाने होते, त्यामुळे काही दिवस कालवणं नेहमीपेक्षा घट्ट झाली. ते संपल्यावर, ज्यांच्या अंगणात नारळ होते तेच लोक बाजारात नारळाचा भाव विचारू लागले. नवं झाड फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत कालवणाला तांदळाचं पीठ लागत होतं.

आता नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी रिसॉर्टच्या मेन्यूवर आली आहे. पेज आरोग्याला चांगली, असं डॉक्टर सांगतात. येऊ दे, खाऊ दे. हे पदार्थ चवीचेच आहेत. पण ते आवडीने खाणं आणि दुसरं काही नाही म्हणून खाणं यात फरक आहे, तो मुलांना सांगायला हवा.

आणि विचारायचं असेल तर योग्य माणसाला विचारायला हवं. धान्य मोजलं गेलं मणात, खंडीत, टनात. खोताचा हिस्सा कागदावर आहे, रेशनचं प्रमाण कार्डावर आहे. घरात सर्वांना वाढून झाल्यावर भांड्याच्या तळाशी जे उरत होतं, त्याची नोंद कुठेच नाही. ते फक्त शेवटी जेवणाऱ्या बाईला माहीत होतं. मिलो गिळलेल्या त्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात कुणी असेल, तर "तेव्हा घरात काय शिजायचं?" एवढंच विचारून थांबू नका. "तुमच्या ताटात काय पडायचं?" हेही विचारा आणि लिहून ठेवा.