गुडगल्फ, ड्रॅको आणि उसनी वाक्यं

१९६९ साली अमेरिकेत 'बोअर्ड ऑफ द रिंग्ज' नावाचं एक छोटं पुस्तक आलं. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं हे विडंबन 'हार्वर्ड लॅम्पून' या विद्यार्थ्यांच्या विनोदी नियतकालिकातल्या हेन्री बिअर्ड आणि डग्लस केनी या दोघांनी लिहिलं होतं. त्यात फ्रोडोचा झाला फ्रिटो, सॅमचा स्पॅम, मेरी आणि पिपिन झाले मॉक्सी आणि पेप्सी. बोरोमिरचा ब्रोमोसेल झाला आणि थोर जादूगार गँडाल्फचा गुडगल्फ.

यातलं प्रत्येक नाव अमेरिकेतल्या दुकानातून उचललेलं आहे. फ्रिटोज म्हणजे मक्याचे चिप्स, स्पॅम म्हणजे डब्यातलं मांस, मॉक्सी आणि पेप्सी ही कोल्ड्रिंक्स. ब्रोमो-सेल्ट्झर हे पोट बिघडलं किंवा डोकं दुखलं की पाण्यात घालून प्यायचं औषध. आणि 'गुड गल्फ' हे गल्फ कंपनीचं पेट्रोल.

आज मराठी वाचकाला यातलं किती कळेल? गल्फ म्हटल्यावर गॅरेजमधला इंजिन ऑइलचा डबा आठवेल. पेप्सी म्हटल्यावर कदाचित बाटली आठवेल, कदाचित शाळेबाहेर प्लास्टिकच्या नळीत मिळणारी गोड बर्फाची कांडी. मॉक्सी आणि ब्रोमोसेल कोरडेच जातील. पण १९६९मधल्या अमेरिकन कॉलेजातल्या मुलाला यातलं एकही नाव समजावून सांगावं लागत नव्हतं. टॉल्किनची कादंबरी १९६५ साली तिथे स्वस्त पेपरबॅकमध्ये आली होती आणि 'फ्रोडो जिवंत आहे' असे बिल्ले लावून मुलं हिंडत होती. टॉल्किननं एकेका नावामागे भाषा आणि वंशावळ उभी केली होती. या दोघांनी त्या नावांच्या जागी किराणा दुकानाची फळी मांडली. विनोद एवढाच, पण दोन्हीकडची नावं माहीत असलेल्यालाच कळणारा.

'बोअर्ड ऑफ द रिंग्ज' हे विकत मिळणारं विडंबन होतं, काटेकोरपणे फॅन फिक्शन नव्हे. पण दुसऱ्याच्या जादुई जगात शिरायचं आणि तिथे आपल्या काळातल्या सिनेमा-टीव्ही-जाहिरातींच्या वस्तू लपवून ठेवायच्या, हा खेळ पुढे फॅन फिक्शननं मनापासून खेळला. त्या खेळात एक प्रश्न सतत डोकावत राहतो. दुसऱ्याचं वाक्य आपल्या कथेत लपवणं ही गंमत कधी असते आणि चोरी कधी होते?

सायक्लोस्टाइलचे दिवस

हा खेळ इंटरनेटपेक्षा खूप जुना आहे. १९५४ साली बेलफास्टच्या वॉल्ट विलिस आणि बॉब शॉ या दोन सायन्स फिक्शनवेड्यांनी 'द एन्चांटेड डुप्लिकेटर' नावाची लांब कथा लिहिली. डुप्लिकेटर म्हणजे आपल्याकडच्या सायक्लोस्टाइल यंत्राचा भाऊबंद. चाहते त्यावर आपली घरगुती मासिकं, म्हणजे फॅनझिन्स, छापायचे. या कथेतला जोफान नावाचा तरुण परिपूर्ण फॅनझिन काढण्यासाठी जादूच्या डुप्लिकेटरच्या शोधात निघतो आणि वाटेत त्याला नाना प्रकारचे लोक भेटतात.

कथेचा साचा जॉन बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चा आहे. हे तेच पुस्तक, जे हरि केशवजींनी १८४१ साली 'यात्रिक क्रमण' म्हणून मराठीत आणलं. बन्यनचा यात्रेकरू स्वर्गाच्या वाटेवर आहे, जोफान शाईनं हात बरबटवून घेण्याच्या वाटेवर. वाटेत भेटणारे लोक म्हणजे त्या काळच्या चाहत्यांचेच नमुने. वाचणारे मूठभर होते आणि बरेचसे एकमेकांना पत्रांतून ओळखत होते. कुणाला चिमटा काढलाय हे न सांगता कळत होतं. या प्रकाराला मराठीत छान शब्द आहे, नेत्रपल्लवी. डोळ्यांनी केलेली खूण समोरच्याला कळली तरच तिला अर्थ. मूठभर लोकांत ती चुकत नाही. खोलीत हजारो लोक आले की मात्र चुकायला लागते.

हॅरी पॉटरची तीन वर्षं

हजारो लोक आले ते हॅरी पॉटरमुळे. मालिकेतलं चौथं पुस्तक जुलै २०००मध्ये आलं आणि पाचवं थेट जून २००३मध्ये. मधली तीन वर्षं जगभरची मुलं वाट बघत बसली. १९९८मध्ये सुरू झालेली फॅनफिक्शन डॉट नेट ही साइट हाताशी होती, घरोघरी इंटरनेट येत होतं. वाट बघणाऱ्यांनी स्वतःच पुढच्या गोष्टी लिहायला घेतल्या.

त्यातली सर्वांत गाजलेली म्हणजे 'ड्रॅको ट्रिलजी'. २००० साली सुरू होऊन २००६पर्यंत चाललेल्या या तीन लांबलचक कादंबऱ्या कॅसँड्रा क्लेअर या नावानं लिहिल्या गेल्या. पहिल्या भागात पॉलीज्यूस काढ्यामुळे हॅरी आणि ड्रॅको एकमेकांच्या रूपात अडकतात. रोलिंगचा ड्रॅको मॅल्फॉय हा कुजकट, भित्रा, बापाच्या जिवावर उड्या मारणारा मुलगा. या कथांमधला ड्रॅको मात्र देखणा, हजरजबाबी आणि आतून दुखावलेला. पुढे फॅन फिक्शनमध्ये जो 'मोहक ड्रॅको' सगळीकडे दिसू लागला, त्याच्या घडणीत या कथांचा मोठा वाटा आहे.

आता या ड्रॅकोचा हजरजबाबीपणा आला कुठून? त्यातला बराचसा टीव्हीवरून. 'बफी द व्हँपायर स्लेअर', 'ब्लॅकअॅडर' अशा मालिकांमधले संवाद लेखिकेनं पात्रांच्या तोंडी घातले होते. काही ठिकाणी तळटिपेत तसं सांगितलेलंही होतं. ज्यांनी 'बफी' पाहिली होती, त्यांना वाचता वाचता ओळखीचं वाक्य सापडायचं आणि दुप्पट मजा यायची. ज्यांनी पाहिली नव्हती, ते समजायचे की लेखिका काय भन्नाट विनोदी लिहिते!

इथे आपल्याकडचं उदाहरण घेऊ. कट्ट्यावर कुणी 'अशी ही बनवाबनवी'मधला एखादा डायलॉग मारला तर आपण हसतो. तो स्वतःचा म्हणून खपवतोय असं कुणाच्या मनातही येत नाही, कारण १९८८चा हा सिनेमा अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण त्याच मित्रानं चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या विस्मरणात गेलेल्या दिवाळी अंकातल्या कथेचा परिच्छेद आपल्या कथेत जसाच्या तसा घातला तर? कृती तीच आहे. फरक एवढाच की दुसरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

'ड्रॅको ट्रिलजी'च्या बाबतीत नेमका असा दिवाळी अंक निघाला. पामेला डीन या अमेरिकन लेखिकेची 'सीक्रेट कंट्री' ही फँटसी मालिका १९८५ ते १९८९ या काळात तीन पुस्तकांत आली होती. तिला चाहते होते, पण 'बफी'सारखी ती घराघरांत पोहोचलेली नव्हती. त्यातल्या 'द हिडन लँड' या पुस्तकातले उतारे 'ड्रॅको'च्या एका भागात पुरेसं श्रेय न देता वापरले आहेत, असं वाचकांनी दाखवून दिलं. तक्रार झाली आणि २००१ साली फॅनफिक्शन डॉट नेटनं त्या कथा काढून टाकल्या. चाहत्यांमध्ये उभी फूट पडली. एक बाजू म्हणे, या कथा पहिल्यापासून उसन्या वाक्यांचा खेळ आहेत आणि सगळी फॅन फिक्शनच उसनवारी आहे. दुसरी म्हणे, विनोदी संवाद ओळखीचे म्हणून घेणं वेगळं आणि अनोळखी पुस्तकातली वर्णनं घेणं वेगळं. वाद अनेक वर्षं धुमसत राहिला. लेखिकेनं पुढे 'क्लेअर'च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर गाळून २००७मध्ये 'सिटी ऑफ बोन्स' ही स्वतःची कादंबरी काढली आणि ती जगभर खपली.

या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट मात्र पामेला डीनच्या पुस्तकांतच आहे. 'सीक्रेट कंट्री'मधली भावंडं एका काल्पनिक राज्याचा खेळ रचतात आणि एक दिवस खरोखर त्या राज्यात जाऊन पडतात. या मालिकेत शेक्सपिअरच्या ओळी जागोजागी विणलेल्या आहेत. म्हणजे जिच्याकडून घेतलं, ती स्वतःही घेणारीच होती! मग तिला वेगळा न्याय का?

कारण शेक्सपिअर लपवता येत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्यानं त्याची ओळ घेतली तर ती आज ना उद्या ओळखली जाणार, आणि ओळखली जावी म्हणूनच ती घेतलेली असते. शेक्सपिअरचं त्यात काही जात नाही. 'बफी'चंही जात नाही. पण ज्या लेखकाचं पुस्तक थोड्यांनीच वाचलंय, त्याचं वाक्य न सांगता घेतलं तर हजारो नव्या वाचकांसाठी ते वाक्य घेणाऱ्याचंच होऊन जातं. मूळ पुस्तक नंतर हाती आलंच, तर त्यांना तेच नक्कल वाटण्याची भीती. उसनं कुणाकडून घेतलं यावर बरंच अवलंबून असतं. श्रीमंताकडून घेतलं तर गंमत, गरिबाकडून घेतलं तर त्याच्या घरात खड्डा.

याच लेखिकेच्या दुसऱ्या एका लिखाणाशी तुलना करून पाहा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला सिनेमा डिसेंबर २००१मध्ये आला, त्या सुमारास तिनं 'व्हेरी सीक्रेट डायरीज' लिहिल्या. अॅरागॉर्न, लेगोलस वगैरे वीर मंडळी 'ब्रिजेट जोन्स'च्या शैलीत रोजनिशी लिहितात आणि एकमेकांच्या केसांवरून जळतात. इथेही साचा उसनाच आहे, पण उघडपणे. 'ब्रिजेट जोन्स'चा सिनेमा त्याच वर्षी आला होता, तो सगळ्यांच्या डोक्यात ताजा होता. त्या डायऱ्या लोकांनी एकमेकांना ईमेलनं पाठवल्या, खदाखदा हसले.

संदर्भ शिळे होतात तेव्हा

२००६-०७मध्ये फॅनफिक्शन डॉट नेटवर 'माय इमॉर्टल' नावाची कथा आली. जगातली सर्वांत वाईट फॅनफिक अशी तिची ख्याती आहे. नायिकेचं नाव एबनी डार्कनेस डिमेन्शिया रेव्हन वे. यातलं 'वे' हे आडनाव 'माय केमिकल रोमान्स' या बँडचा गायक जेरार्ड वे याचं. कथेचं शीर्षक एव्हनेसन्स बँडच्या गाण्याचं. हॉगवर्ट्सची मुलं काळे कपडे घालून हॉग्समीड गावात 'गुड शार्लट' या बँडच्या कॉन्सर्टला जातात. रोलिंगच्या हिशेबानं हॅरीची शाळा १९९१ ते १९९८मधली, आणि 'माय केमिकल रोमान्स' स्थापन झाला २००१मध्ये. लिहिणाऱ्याला, किंवा लिहिणारीला, याची फिकीर नाही.

कथा खरी की मुद्दाम केलेली थट्टा, हे आजवर नक्की झालेलं नाही. पण २००६ सालची किशोरवयीन मुलगी काय ऐकत होती, काय घालत होती, कोणत्या दुकानात जात होती, हे कळायला ती कथा उत्तम साधन आहे. जे संदर्भ तेव्हा हास्यास्पद वाटले तेच आता तारखेच्या शिक्क्यासारखे उपयोगी पडतात. १९२५च्या 'झेंडूची फुले'चंही थोडं तसंच आहे. अत्र्यांनी ज्या कवींची टिंगल केली, त्यातले काही आज आपल्याला त्या टिंगलीमुळेच माहीत आहेत.

लपवालपवी नीट कशी जमते, याचंही एक उदाहरण. एलीझर युडकाउस्कीची 'हॅरी पॉटर अँड द मेथड्स ऑफ रॅशनॅलिटी' ही १२२ प्रकरणांची कथा २०१० ते २०१५ या काळात इंटरनेटवर क्रमशः आली. त्यात हॉगवर्ट्सच्या मुलांच्या फौजा करून लुटुपुटीच्या लढाया होतात. ड्रॅकोच्या फौजेचं नाव ड्रॅगन आर्मी. 'ड्रॅको' म्हणजे लॅटिनमध्ये ड्रॅगन, त्यामुळे नाव सरळ वाटतं, वाचक अडखळत नाही. पण ऑर्सन स्कॉट कार्डची 'एन्डर्स गेम' ज्यानं वाचलीय त्याला आठवतं, की त्या कादंबरीतल्या एन्डरच्या तुकडीचं नावही ड्रॅगन आर्मीच होतं. 'एन्डर्स गेम' १९८५ची आहे, म्हणजे १९९१मधल्या हॅरीच्या जगात ती बसतेसुद्धा. ज्याला खूण कळली त्याला जादा मजा, ज्याला नाही कळली त्याचं काही अडत नाही आणि मूळ लेखकाचं काही जात नाही.

टॅगच्या जमान्यात

२००९ साली खुली झालेली आणि चाहत्यांनीच चालवलेली 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' ही साइट आज फॅन फिक्शनचं मोठं घर आहे. २०१९मध्ये तिला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तिथे कथेच्या डोक्यावर टॅगांची रांग असते. कोणतं जग, कोणती पात्रं, कशाची सरमिसळ, सगळं आधीच सांगितलेलं. दुसऱ्या कथेवरून सुचलं असेल तर तिची लिंक द्यायचीही सोय आहे. काही जुन्या चाहत्यांना यात गंमत गेल्यासारखं वाटतं. खूण करायची आणि वर 'मी खूण केली' अशी पाटी लावायची, म्हणजे नेत्रपल्लवी कसली?

तक्रार अगदीच चुकीची नाही. पण नेत्रपल्लवी मूठभर ओळखीच्या लोकांत चालते, आणि आता वाचक कुठल्या देशातला, कुठल्या वयाचा, काय पाहिलेला असेल हे लिहिणाऱ्याला ठाऊकच नसतं. 'बफी' न पाहिलेली पिढी केव्हाच मोठी झाली. आज आपण कथेत जे मीम, जी वेब सिरीज, जे रील लपवतोय, त्यांचीही वीस वर्षांत मॉक्सी आणि ब्रोमोसेल होणार आहेत.

म्हणून तुम्ही फॅनफिक लिहीत असाल, तर प्रसिद्ध ओळी खुशाल लपवा. ज्यांना ओळखायच्या ते ओळखतील. पण ओळ एखाद्या कमी वाचल्या गेलेल्या पुस्तकातली असेल, तर कथेच्या शेवटी त्या पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिहा. 'सीक्रेट कंट्री'च्या नव्या आवृत्त्या २००३मध्ये निघाल्या. 'ड्रॅको'च्या त्या भागाखाली पहिल्याच दिवशी तिचं नाव ठळक असतं, तर विनोदाची धार जरा कमी झाली असती. पण वाचणाऱ्या हजारो मुलांपैकी काहींनी तरी ती पुस्तकं लायब्ररीत शोधली असती.