बाटलीवर '२० वर्षं' लिहिलंय, म्हणजे वाईन २० वर्षं जुनी? टॉनी पोर्टचं गणित समजून घ्या

तसं नसतं. टॉनी पोर्ट वेगवेगळ्या वर्षांच्या वाईन एकत्र करून बनते. २० वर्षं मुरल्याची चव तिला आहे की नाही, हे पोर्तुगालमधल्या पोर्ट नियामक संस्थेचे चाखणारे ठरवतात. एकाच वर्षाची हवी असेल, तर लेबलवर 'कोल्येता' हा शब्द आणि साल शोधायचं.

ही वाईन उत्तर पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात. आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास पोहोचतं. मग ती साधारण ५५० लिटरच्या जुन्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं पडून राहते. (पोर्तुगीजमध्ये 'पिपा', आपलं 'पिंप' तिथूनच आलंय.) लाकडातून शिरणाऱ्या हवेने लाल रंग उतरून तांबूस-बदामी होतो, चवीला अक्रोड आणि सुक्या अंजिराची झाक येते. दरवर्षी थोडी वाईन उडूनही जाते. महागाईचं एक कारण हेच.

बाटलीत मात्र ती आणखी मुरत नाही. त्यामुळे कपाटात जपून ठेवण्यात अर्थ नाही. लेबलवर बाटलीबंद केल्याचं साल असतं, ते आधी बघा.

आणि गोव्यात बनणारी गोड 'पोर्ट वाईन'? ती डोरोतली नाही, फक्त नावाची पोर्ट.