सांजांव

सांजांव : गोव्यातील ख्रिस्ती समाजाचा भर पावसातला सण, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचे फेस्त. पोर्तुगीजांचा ‘सांव जुआंव’ कोंकणी तोंडात रुळता रुळता सांजांव झाला. सण दरवर्षी २४ जूनला येतो. गोव्यात तो गावोगाव होतो, पण बार्देश तालुक्यातील शिवोलीचा सांजांव पाहायला लोक मुद्दाम लांबून येतात.

संतांचे स्मरण चर्च सहसा त्यांच्या मृत्युदिनी करते. जन्मदिवस साजरा होतो तो तिघांचाच : येशूचा, मारियेचा आणि या योहानाचा. लूकच्या शुभवर्तमानातली कथा अशी, की गरोदर मारिया आपल्या नात्यातल्या एलिझाबेथला (मराठी बायबलातली अलीशिबा) भेटायला डोंगराळ मुलखात गेली. एलिझाबेथला तेव्हा सहावा महिना होता. मारियेचा आवाज कानी पडताच तिच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली. तेच बाळ योहान. म्हणूनच त्याचा जन्मदिवस नाताळच्या सहा महिने आधी येतो, आणि म्हणूनच त्या दिवशी गोव्यातले तरुण विहिरीत उड्या मारतात. विहीर म्हणजे आईचे उदर, उडी म्हणजे त्या बाळाची उडी, असा अर्थ गावातली जाणती माणसे सांगतात. पुढे यार्देन नदीच्या पाण्यात बाप्तिस्मा दिला तोही योहानानेच, तेव्हा त्याच्या सणाला पाणी हवेच.

युरोपात मात्र हा सण विस्तवाचा आहे. उन्हाळ्याचा मध्य, वर्षातल्या सर्वांत लहान रात्री, आणि चौकाचौकांत पेटलेल्या होळ्या. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात २३ जूनच्या रात्री लोक त्यांवरून उड्या मारतात. पोर्तुगीजांनी हाच सण ब्राझीलला नेला. तिथे जून थंडीचा, त्यामुळे शेकोट्या टिकल्या. गोव्यात त्याच तारखेला आभाळ फाटलेले असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरतो, आणि सण येईतो तळ गाठलेल्या विहिरी पुन्हा भरू लागतात. विस्तवाचा सण या मातीत पाण्याचा झाला. संत बाहेरून आला, तिथी बाहेरून आली. सणाचे अंग मात्र गोव्याच्या पावसाने घडवले.

सांजांवची खूण म्हणजे कोपेल, डोक्यावरचा पानाफुलांचा मुकुट. पावसाने कुंपणावर तरारलेली ओली, लवचीक रानवेल तोडायची, डोक्याच्या मापाने तिची दोन-तीन वेढ्यांची चुंबळ वळायची, मग वेढ्यांच्या फटींत पानांचे देठ खोवायचे आणि मधूनमधून जास्वंदीसारखी फुले. कोणी हौसेने एखादे फळही बांधतो. कोपेल घट्ट वळलेले हवे, नाहीतर पहिल्या बुडीलाच पाण्यावर तरंगत राहते. अलीकडे बाजारात प्लास्टिकच्या फुलांचे कोपेल मिळतात. ते सुकत नाहीत, पण पावसात भिजलेल्या पाल्याचा वास त्यांना नाही, आणि तो वास हाच निम्मा सांजांव आहे.

डोक्यावर कोपेल घालून, घुमट, म्हादळे आणि कांसाळे वाजवत तरुणांचा मेळ घरोघर फिरतो. ‘व्हिवा सांजांव!’ अशी आरोळी उठली की घरचे लोक दार उघडून अंगणात येतात. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठे तोंड कातड्याने मढवलेले, लहान तोंड उघडे. ते तळहाताने झाकत-उघडत बोल घुमवायचे. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाल्यापासून बकऱ्याचे कातडे वापरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला. चतुर्थीच्या आरत्यांना हिंदू घरांत घुमतो तोच हा घुमट. सांजांवला तो ख्रिस्ती वाड्यांतून घुमतो.

सणाचा खरा मानकरी जावई. त्यातही वर्षभरात लग्न झालेला. सासुरवाडीहून त्याला आवतण जाते, सासू त्याच्या डोक्यावर कोपेल ठेवते, फणस, अननस, आंबा, केळी अशा फळांची डाली त्याच्यासाठी सजते. अधिक महिन्यात अनारशांचे वाण जावयाला देणाऱ्या मराठी घरांना हे कौतुक परके वाटणार नाही. मेजवानी झाली की हा नवा जावई वाड्यातल्या मुलांबरोबर विहिरीवर जातो, आणि सासरच्या विहिरीतली पहिली उडी त्याला साऱ्या वाड्याच्या ओळखीचा करून सोडते. ज्या घरात वर्षभरात मूल जन्मले, त्या घरचे लोक आनंदाने फेणीची बाटली विहिरीत टाकतात आणि पोरे बुडी मारून ती वर काढतात. सणाला पातोळ्याही होतात : तांदळाचे पीठ, खोबरे आणि गूळ हळदीच्या पानात दुमडून उकडलेल्या. नागपंचमीला कोकणात होतात त्याच.

शिवोलीचे वेगळेपण होड्यांचे. शापोरा, हणजूणमधला झोर, आसगावातला बादे या वाड्यांचे लोक सजवलेल्या होड्यांतून वाजतगाजत शिवोलीच्या पेरेरा वाड्यावरील सांजांवच्या कपेलाकडे (छोट्या चर्चकडे) येतात. या प्रथेला सुमारे पावणेदोनशे वर्षे झाल्याचे सांगतात. प्रत्येक वाड्याची होडी वेगळी, सजावट वेगळी, आणि कोणाची उजवी ठरते याची चुरस मोठी. नदी पावसाने गढूळ, वरून सरी, काठावर छत्र्यांची गर्दी.

आता या गर्दीत पर्यटकही असतात. हॉटेलांच्या तरणतलावांवर तिकीट लावून सांजांवच्या मेजवान्या होतात. तिथे उडी असते. पण जावई नाही, बाळ नाही आणि गाव जिथे पाणी भरत आला ती विहीरही नाही. दुसरीकडे घरोघर नळ आल्याने कित्येक विहिरी वापरातून गेल्या, काही जाळी टाकून बंद झाल्या. पाण्यात उतरण्यापूर्वी विहिरीची खोली आणि तळचे दगड वडीलधाऱ्यांना विचारून घ्यायचे, ही जुनी शिस्त आहे. प्यालेल्या माणसाला काठावरच थांबवणे हाही तिचाच भाग, आणि ती पाळणारे वाडे अजून आहेत.

सांजांवनंतर पाचच दिवसांनी, २९ जूनला, संत पेद्रू आणि पावलू यांचे फेस्त येते. पेद्रू स्वतः मासे धरणारा, म्हणून हा सण कोळ्यांचा. कांदोळीसारख्या गावांत दोन होड्या एकमेकींना बांधून त्यांवर मंच उभारतात. त्याला ‘सांगोड’ म्हणतात. मंचावर गाणी आणि खेळ चालतात, आणि गाव काठावर उभा राहून ते पाहतो.